भिंतीवरचा जाळीचा चेहरा

घशाला शेक, म्हणजे रेडिएशन, घ्यायला जो माणूस पहिल्यांदा निघालाय, त्याच्यासाठी हे लिहितोय. इस्पितळातल्या समाजसेविका बाई म्हणाल्या, "आजोबा, तुमचं झालं, आता नव्या पेशंटसाठी चार पानं लिहा." मी म्हटलं, माझी शाळा सातवीत सुटली. त्या म्हणाल्या, म्हणूनच लिहा. हाताने मी लिहिलंय, टाइप मुलीने केलंय. शुद्धलेखन तिचं, बाकी माझं. काही पुसू नकोस असं तिला बजावलंय.

औषधांची नावं मला येत नाहीत. ती डॉक्टरला विचारा. मी शेक अर्ध्यावर सोडायचं ठरवलं होतं, पक्कं ठरवलं होतं, आणि मग परत गेलो. का गेलो ते सांगायचं तर एका चित्राबद्दल सांगावं लागेल. मुलीने कॉम्प्युटरवर काढलेलं चित्र. मला चित्रातलं काही कळत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

गाठ

आवाज बसला तेव्हा शालन जाऊन काही महिने झाले होते. शालन माझी बायको. सकाळी आडाळ्यावर बसून नारळ खवत होती. आडाळो म्हणजे आम्हा कोकणातल्या लोकांच्या घरी असतो तो लाकडी पाट, पुढे खवायचं पातं असलेला. खवता खवता भिंतीला टेकली. मी चहा पीत होतो. मला वाटलं दमली. नारळाची वाटी अर्धी खवलेली, अर्धी तशीच.

आवाज बसला तर लोक म्हणाले, रडून बसलाय. मी रडलो नव्हतो. पण तसं म्हटलं की लोक पुढे विचारत नाहीत, म्हणून चालवून घेतलं. मानेला गाठ हाताला लागली तेव्हा वैशालीला फोन केला. वैशाली माझी मुलगी, एकुलती एक. ती मुलुंडला राहते. मी चारकोपला, सेक्टरमधल्या बैठ्या घरात.

डॉक्टर तरुण होता. रिपोर्ट हातात घेऊन वैशालीशी इंग्रजीत बोलायला लागला. मी म्हटलं, "साहेब, गळा माझा आहे."

मग माझ्याकडे वळला. "काका, गाठ चांगली नाही."

"चांगली गाठ कोणाला झालीय?"

तो हसला नाही. वैशालीला हसू आलं, आणि ते आल्याबरोबर ती उठून बाहेर गेली. डॉक्टर म्हणाला, शेक द्यावा लागेल, महिन्याहून जास्त, रविवार सोडून रोज. सोबत औषध. खाडा करायचा नाही. विडी ओढायचात का? म्हटलं, ओढायचो. त्याने लिहून घेतलं. मलाही त्याबद्दल आणखी काही सांगायचं नाही.

येताना मी बाजारात उतरलो आणि मांदेली घेतली. वैशाली म्हणाली, "बाबा, आज मासे? आज?" म्हटलं, ताजी आहेत. भीती वाटली ती त्या डॉक्टरच्या खोलीत नाही. घरी मोरीजवळ बसून मांदेली साफ करताना वाटली. एका मांदेलीचं डोकं काढलं आणि पुढची उचलवेना. बाकीची वैशालीने साफ केली. तिला येत नाही, सगळी फाटली. तळल्यावर काही कळत नाही.

साचा

पहिल्या दिवशी शेक देत नाहीत. चेहऱ्याचा साचा करतात. शेक देताना मान केसभर हलू नये म्हणून हा साचा तोंडावर बसवून टेबलाला अडकवतात.

मी आयुष्यभर मरोळला साच्यांवर काम केलं. प्लास्टिकच्या बादल्या, मग, डबे. डाव्या हाताचं एक बोट अर्धं तिथेच राहिलंय. त्यामुळे मशीनची मला भीती नाही. पण आजवर साचा मी मालावर दाबला होता. आता माल मी होतो.

तिथे लिसी नावाची केरळची मुलगी होती. मराठी चांगलं बोलायची. "आजोबा, चष्मा काढा, दात बसवलेले असतील तर काढा, शर्ट काढा. गरम लागेल, भाजणार नाही." गरम पाण्यातून एक पांढरा, भोकाभोकांचा प्लास्टिकचा पत्रा काढला आणि तोंडावर ठेवला. गरम घावन तोंडावर टाकल्यासारखं वाटलं. मग चारी बाजूंनी दाबलं. थंड झालं तसं ते घावन घट्ट झालं. डोळे उघडले तर पापणीचे केस जाळीला लागत होते.

ज्यांना हे करायचंय त्यांना सांगतो. श्वास जातो. भोकं असतात. गिळावंसं वाटेल तेव्हा गिळू नका, थोडं थांबा, ते वाटणं जातं. आणि मोजू नका. मी कुकरच्या शिट्ट्या मोजल्यासारखं मोजत बसायचो, त्याने वेळ लांबतो.

एक गोष्ट ध्यानात ठेवा, ती पुढे लागणार आहे. चष्मा आधीच काढून वैशालीच्या हातात दिलेला असायचा. त्यामुळे माझा साचा मी बाहेरून कधी बघितला नाही. भिंतीला सगळ्यांचे साचे टांगलेले असायचे, मला ते धुतलेल्या बनियनांसारखे दिसायचे. लिसी त्यातला एक काढायची तो माझा, एवढंच.

हॉल

मी चारकोपहून यायचो, वैशाली मुलुंडहून, अंधेरीला इस्पितळात भेटायचो. "मुलुंडला येऊन राहा," असं ती रोज म्हणायची आणि मी रोज नाही म्हणायचो. जावई चांगला आहे. पण दुसऱ्याच्या घरात खोकायचं म्हणजे मोजून खोकावं लागतं.

हॉलमध्ये घाटकोपरचे कांतीभाई माझ्या शेजारी बसायचे. त्यांच्या जिभेचं ऑपरेशन झालेलं, बोलणं सगळं गुळगुळीत. माझा आवाज गेलेला. आम्ही दोघं तासभर बोलायचो. त्यांची बायको वैशालीला म्हणाली, "इन दोनों को कोई सुन ले तो समझेगा नल में हवा आ रही है." कांतीभाईंनी मला खुणेने सांगितलं, हिची सुपारी द्यायची आहे, कोणी असला तर बघ.

वैशाली तिथे बसून कॉम्प्युटरच्या पाटीवर पेनाने चित्रं काढायची. तिचा धंदाच तो. बिस्किटाच्या पुड्यावरची, साबणाच्या जाहिरातीतली चित्रं काढते. ती पोटासाठी. स्वतःची काढते ती वेगळी. त्यात कुकरला पंख असतात, माणसाच्या पोटाला खिडकी असते आणि खिडकीत कपडे वाळत असतात. मी विचारायचो, याचा अर्थ काय? ती म्हणायची, "असा एकच अर्थ नसतो बाबा." मग काढतेस कशाला, असं मी म्हणायचो.

शालनला मात्र ती चित्रं आवडायची. स्वप्नाचा अर्थ लावतात तसा ती लावायची. पंखवाला कुकर बघून म्हणाली होती, "ह्यो कुकर म्हणजे मीच गो. इतकी वर्सां शिट्ये मारतंय, आज उडान जातलंय." मी म्हटलं होतं, भात तरी लावून जा.

हॉलमध्ये वैशाली काय काढत होती ते मी बघितलं नाही. तिनेही दाखवलं नाही.

खाडा

अर्धे शेक झाल्यावर तोंड आतून सोलून निघालं. मिठाचं पाणी तोंडात घेतलं तरी डोळ्यांत पाणी यायचं. पेज गाळून, थंड करून घ्यायचो, तीही जाईना. नाकातून नळी घालू म्हणाले. मी नको म्हटलं. त्यावरून वैशालीचं आणि माझं हॉलमध्ये सगळ्यांसमोर भांडण झालं. भांडण म्हणजे ती बोलली. मला बोलायची बंदी होती. तिने मला लहान मुलांची पाटी आणि पेन्सिल आणून दिलेली. तिच्या दहा वाक्यांना मी एक शब्द लिहायचो. नको.

डॉक्टर म्हणाला, आठवडाभर शेक थांबवू, तोंड भरू दे. सोमवारी या. आणि वैशालीला बजावलं, याहून जास्त खाडा नको, नाहीतर आतापर्यंतचं सगळं वाया जाईल, गाठ परत उठेल.

घरी येऊन मी ठरवलं, आता जायचं नाही. मरायची मला हौस नव्हती. त्या टेबलावर परत आडवं व्हायचं नव्हतं, एवढंच. दोन्हींचा अर्थ एकच होतो हे मला कळत होतं, पण मी तिकडे बघत नव्हतो. वैशालीला सांगितलं नाही. त्याच आठवड्यात शालनचं वर्षश्राद्ध होतं. म्हटलं, ते पार पडू दे, मग सांगू.

चित्र आलं

शालन गेली तेव्हाच मी दक्षिणेच्या भिंतीला खिळा मारला होता. गेलेल्या माणसाचा फोटो आमच्याकडे त्या भिंतीला लावतात. शेजारच्या पेडणेकर वहिनींनी चंदनाचा हारही आणून दिला होता. फोटो मात्र लागला नाही. माझ्याने निवडून झाला नाही. हार प्लास्टिकच्या पिशवीतच कपाटात राहिला. वहिनी येता-जाता म्हणायच्या, "भावोजी, वर्सश्राद्धाक तरी भिंतीर फोटो होयो हां." मी मान हलवायचो.

श्राद्धाच्या दोन दिवस आधी फ्रेमवाल्याचा माणूस खिडकीएवढं पार्सल घेऊन आला. वैशालीचा फोन आला. "बाबा, आलं का? लावून घ्या भिंतीला. मी श्राद्धाला आले की बोलते." फोनवर मी बोलू शकत नव्हतो. पेन्सिलीने पाटीवर टकटक केलं. एकदा टकटक म्हणजे बरं, असं आमचं ठरलेलं.

कागद फाडला. चित्र होतं. त्यात आमचं स्वयंपाकघर. ओटा तोच, तीच खिडकी, वर पंखा, पण पंख्याला पात्यांच्या जागी माडाच्या झावळ्या. खाली लादी नाही, घोट्याएवढं पाणी. त्या पाण्यात आडाळ्यावर एक माणूस बसलेलं. अंगावर पांढरी चादर, खाली पाण्यात भिजलेली. हातात नारळाची अर्धी वाटी, आणि वाटीत खोबऱ्याच्या जागी समुद्र, लाटांसकट. डोक्याला केस नाहीत. चेहरा म्हणजे नुसती पांढरी जाळी, आत काही नाही, आणि जाळीच्या भोकांतून पिवळी मांदेली आत जातायत, बाहेर येतायत. मागच्या भिंतीवर एक रिकामा खिळा.

मी बराच वेळ बघत राहिलो. आडाळो शालनचा. अर्धी वाटी शालनची. चेहरा रिकामा आहे कारण माणूस राहिलं नाही. श्राद्धाच्या तोंडावर पाठवलंय. यात न कळण्यासारखं काय होतं? आयुष्यात पहिल्यांदा पोरीचं चित्र मला समजलं.

त्याच खिळ्याला लावलं. कपाटातून हार काढला आणि वरून घातला. अगरबत्ती लावली. वर्षभराचं काम झालं. मला बरंही वाटलं, कारण आता फोटो निवडायला नको.

वहिनी बघायला आल्या. हात जोडले, मग डोळे बारीक करून बघत राहिल्या. "मासे इले म्हणजे बरां. घरात लक्ष्मी येतली. पाणी पण बरां." मग म्हणाल्या, "पण भावोजी, शालन सवाशीण गेली. तिका पांढरां कित्याक? हिरवां लुगडां होयां."

मी पाटीवर लिहिलं, कॉम्प्युटर आहे.

त्यांना ते पटलं.

श्राद्ध

वैशाली सकाळी डबे घेऊन आली. चपला काढता काढता तिने भिंतीकडे बघितलं आणि एक चप्पल पायातच राहिली.

"बाबा, हार कोणी घातला?"

मी छातीवर हात ठेवला.

"का?"

मी लिहिलं, आई.

ती दारातच बसली. वहिनी आत वड्यांचं पीठ भिजवत होत्या, त्या बाहेर आल्या. वैशाली म्हणाली, "बाबा, ही आई नाहीय. हे तुम्ही आहात."

मी मान हलवली, नाही. आडाळ्याकडे बोट केलं.

"आडाळ्यावर आता कोण बसतं?"

मी पाटी पुसायला घेतली.

"आई गेल्यापासून रोज तुम्हीच बसता. मी येते तेव्हा तुम्ही तिथे बसून खोबरं खवत असता. खायला होत नाही तरी खवता. ही चादर त्या शेकाच्या टेबलावरची. ही जाळी म्हणजे तुमचा मास्क, मी रोज काचेतून बघते. आणि बोट बघा."

मी चष्मा सारखा केला आणि चित्राजवळ गेलो. वाटी धरलेल्या डाव्या हाताचं एक बोट अर्धंच होतं. ते मी दोन दिवस बघत होतो. वाटीच्या मागे गेलं असेल असं वाटलं होतं. मी माझा हात चित्राच्या शेजारी धरला. वैशालीने नखाच्या खालची भेगसुद्धा काढली होती.

वहिनी ओरडल्या, "अरे देवा! जित्या माणसाक हार! वैशू, स्टूल आण. आधी काढ तो!"

मला हसू आलं. दोन दिवस मी स्वतःला अगरबत्ती ओवाळत होतो. हसल्याने तोंडातलं सालपट निघालं, रक्त आलं, तरी थांबेना. वहिनींना वाटलं झटका आला. त्या स्टुलावर चढायला लागल्या तसा मी त्यांचा हात धरला, पाटी घेतली आणि लिहिलं: राहू दे हार. सोमवारी जाणार नाही. शेक बंद.

सांगायचं होतंच. सांगून झालं.

वैशालीने वाचलं. ती रडेल असं मला वाटलं होतं. त्याची मी तयारी ठेवली होती. ती रडली नाही. चिडली.

"ठीक आहे. मग तुमचा फोटोही तुम्हीच निवडून ठेवा. आईचा एक फोटो तुम्हाला वर्षात निवडता आला नाही. आणि तुमचा मी निवडायचा? एकटीने? तो खिळा एक आहे बाबा, दोघांना कसा पुरणार?"

वहिनी म्हणाल्या, "वैशू, आजच्या दिवसाक असां बोला नको गो."

"आजच बोलणार काकी. मी चित्रात तो खिळा रिकामा काढला, का काढला? वर्षभर मी ह्या घरात आले की आधी तोच दिसतो. हे तिला लावत नाहीत. तिला लावलं की ती गेली म्हणून. आणि स्वतःला दोन मिनिटांत लावून मोकळे." मग माझ्याकडे वळली. "आधी आईला लावा. मग काय बंद करायचं ते करा. मी नेणार नाही ओढून."

डबे घेऊन आत गेली. भांडी आपटल्याचा आवाज आला. शालनची आपटायची तऱ्हा तीच होती, आधी झाकण, मग भांडं.

फोटो

जेवणं झाल्यावर मी कपाटातून फोटोंची पिशवी काढली आणि लादीवर ओतली. वैशाली येऊन समोर बसली.

मी फोटो का निवडला नव्हता त्याला कारण होतं. शालनचा एकटीचा धड फोटोच नाही. सगळे लग्नाकार्यातले, चारचौघांतले. बरा एकच होता. वैशालीच्या साखरपुड्यातला. शालन हसतेय, पदर सरळ आहे, डोळे उघडे आहेत. पण तिच्या खांद्यावर माझा हात आहे. मी फोटोत नाही, नुसता हात. अर्ध्या बोटाचा. कोणीतरी फोटो काढताना मला बाहेर ठेवलंय.

मी तो वैशालीपुढे सरकवला. तिने बघितला आणि आवाज खाली आला. "हात काढून टाकू? मागचा पदर जुळवून देते. एका मिनिटात जाईल, कळणारही नाही."

वर्षभर माझ्या डोक्यात हेच होतं. हात ठेवून फोटो लावला तर गेलेल्या माणसाच्या फ्रेममध्ये जिवंत माणसाचा हात. हात काढला तर शालनचा खांदा तसाच राहतो, जरा वर उचललेला, कोणाच्यातरी वजनाची सवय असल्यासारखा. ते वाईट दिसलं असतं.

मी लिहिलं, हात ठेव.

"नक्की?"

मी ते दोन शब्द पुन्हा गिरवले.

ती नाक्यावरच्या फोटोवाल्याकडे जाऊन मोठा करून घेऊन आली. चित्र मी स्वतः खाली उतरवलं. त्या खिळ्याला शालनला लावलं. हार घालायला गेलो तर वहिनींनी परत अडवलं, "भावोजी, हात हाराखाली येता हां!" तेव्हा मी हार डावीकडे सरकवला. शालन हाराच्या आत आली, हात बाहेर राहिला. लांबून बघितलं तर हार थोडा वाकडा दिसतो. आजही वाकडाच आहे.

वैशाली निघाली तेव्हा दारात म्हणाली, "सोमवारी मी नेहमीच्या वेळेला अंधेरीला असेन. तुम्ही आलात तर आलात."

मी पाटीवर टकटक केलं नाही. तिनेही वाट बघितली नाही.

सोमवार

हॉलमध्ये कांतीभाईंच्या शेजारच्या खुर्चीवर त्यांची पिशवी ठेवलेली होती. मला बघून त्यांनी ती उचलली. त्यांची बायको म्हणाली, "पूरा हफ्ता यही किया. कोई बैठने आए तो बोलते, आदमी आ रहा है. मैंने बोला, कौन आदमी? तो गुस्सा." कांतीभाईंनी मला काहीच विचारलं नाही, फक्त पिशवी मांडीवर घेतली. आजारात माणसाला काय बरं वाटतं असं मला कोणी विचारलं तर मी ती खुर्ची सांगतो.

वैशाली समोर भिंतीला टेकून उभी होती. तिने हात पुढे केला, चष्म्यासाठी. मी दिला नाही. तसाच आत गेलो.

लिसी म्हणाली, "आजोबा, आलात! चष्मा काढा."

मी खुणेने तिला साचा मागितला. तिला कळेना. मग तिने भिंतीवरून काढून हातात दिला. वर पट्टीवर माझं नाव होतं. मी चष्म्यातून नीट बघितला. नाक माझं, बापासारखं बसकं. हनुवटी माझी. डोळ्यांच्या जागी नुसती जाळी, आणि जाळीतून पलीकडे लिसीचा हिरवा कपडा दिसत होता. वैशालीने बरोबर काढलं होतं. मांदेली तेवढी नव्हती.

"काय बघताय?" लिसी म्हणाली.

मला बोलायची बंदी होती, तरी बोललो. किती आठवड्यांनी. "मी आहे का बघतोय."

"आहात. झोपा आता."

चष्मा तिच्या हातात दिला आणि आडवा झालो.

उरलेले शेक सोपे गेले नाहीत. तोंड परत सोललं. शेवटी नळी घालूनच घेतली, ती आधी घातली असती तर बरं झालं असतं, म्हणून तुम्ही नको म्हणू नका. वैशालीशी भांडणं चालूच राहिली. पण खाडा झाला नाही.

आता

गाठ सध्या नाही. सध्या, असं डॉक्टरच म्हणतो. काही महिन्यांनी जाऊन दाखवायचं. आवाज फुटका आला आहे, पण आला. लाळ कमी सुटते, त्यामुळे पाण्याची बाटली बरोबर लागते. कांतीभाईंचे शेक आधी संपले. त्यांचा फोन येतो. त्यांचं बोलणं अजून फक्त मलाच कळतं.

चित्र पूर्वेच्या भिंतीला आहे, टीव्हीच्या वर. येणारा प्रत्येक जण अर्थ विचारतो. मासे म्हणजे काय, समुद्र म्हणजे काय? मी वैशालीला विचारून ठेवलं होतं. ती म्हणाली, तुमचं बोलणं बाहेर येत नव्हतं ना, ते मासे. आत जाणारे? तर म्हणे, तुम्ही गिळता ते. मी म्हटलं, मी तेव्हा पाणीसुद्धा गिळत नव्हतो. ती म्हणाली, "तेच म्हणतेय मी बाबा." कळलं नाही. लोकांना मी सांगतो, तो मी आहे, आणि ती खाली मांदेली. पुरतं.

शेक संपले की साचा तुम्हाला घरी देतात. काही जण फेकून देतात, काही जण गणपतीत विसर्जन करायचं म्हणतात. तुम्हाला वाटेल ते करा. वैशाली म्हणाली, मी त्यावर रंगकाम करते. मी दिला नाही. मला तो लागतो. रोज सकाळी मी आडाळ्यावर बसून वाटी खवतो, आता थोडं खाऊही शकतो, आणि उरलेलं खोबरं ताटलीत ठेवून वरून साचा पालथा घालतो. वारा लागतो, माश्या बसत नाहीत.

परवा पेडणेकर वहिनी साखर मागायला आल्या, ओट्यावर बघितलं आणि किंचाळल्या. "भावोजी! तुमचां तोंड ओट्यार!"

म्हटलं, उचला आणि खोबरं घ्या.